टेकू

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या.

थर्ड इयर सिव्हिलला आपण बीमचं डिफ्लेक्शन वहीत काढतो. आमच्याकडे गिरगावात ते स्वयंपाकघरात मान वर केली की दिसतं! आमची चाळ १९४० च्या आधीची. भिंतीत पावसाचं पाणी मुरून लाकडी तुळईचं टोक कुजलंय. खाली टेकू लावलाय. आजी त्यावर टॉवेल वाळत घालते.

भाडं न्यायला मेहताजी येतात. आजी दर वेळी म्हणायची, "मेहताजी, मालकांना तेवढं तुळईचं सांगा हो." ते म्हणायचे, "सांगतो, आजी." असे चार पावसाळे गेले.

गेल्या सुट्टीत मी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ वाचायला घेतला. कलम १४ म्हणतं, करारात वेगळं ठरलं नसेल तर घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. ते टाळत असतील तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरीही वाजवी मुदतीत काम झालं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापून घेऊ शकतात. मी तर उडालेच! पण पुढे अट होती : एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. आमचं भाडं महिना १२० रुपये, वर्षाचं १,४४०. चतुर्थांश म्हणजे ३६०. त्यात तुळई सोडाच, सुताराची एका दिवसाची मजुरीही निघत नाही.

"आजी, हा हक्क काय कामाचा गं?"

"अगं, निदान कागद तरी होईल. इतकी वर्षं मी नुसती तोंडानेच सांगत आले."

मी नोटीस इंग्रजीत लिहायला बसले, तर आजीने थांबवलं. "मराठीत लिही. सही करणाऱ्याला वाचता यायला हवं." मजल्यावरच्या अकरा जणांनी सह्या केल्या. नोटीस स्पीड पोस्टाने मालकांना गेली. अशा जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर लागतो, म्हणून म्हाडाच्या दुरुस्ती मंडळात एक प्रत देऊन दुसरीवर शिक्का घेतला.

तुळई अजून बदललेली नाही. पण मंडळाचे इंजिनिअर येऊन बघून गेले, आणि मालक पहिल्यांदाच जिना चढून वर आले. आजीने त्यांना चहा दिला, नेमका तुळईखाली बसवून!

आपल्या हॉस्टेलचा गळका नळ आपणही वॉर्डन सरांना जाता-येता तोंडीच सांगतो ना? रजिस्टर ऑफिसबाहेरच आहे. तारीख घालून लिहा, आणि एकट्याने नको, चौघांच्या सह्या घ्या.