पडद्यावरचा चमत्कार

साताऱ्यात माझ्या लहानपणी उपवासकाळात चर्चच्या आवारात येशूच्या जीवनावरील चित्रपट दाखविला गेला. दोन खांबांना पांढरी चादर ताणली होती. प्रभू पाण्यावरून चालू लागताच शेजारी बसलेल्या आजीने हात जोडले. मी नुकतेच छायाचित्रणाविषयीचे पुस्तक वाचून शहाणा झालो होतो. “आजी, ही सारी युक्ती आहे गं!” मी म्हणालो. तिचे जोडलेले हात सुटले. ते दृश्य मला पुढे कित्येक वर्षे बोचत राहिले.

पुढे नोकरीनिमित्त सांगलीस राहिलो, तेव्हा दादासाहेब फाळके यांच्याविषयी वाचले. १९१० च्या सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्तजीवनावरील मूकपट पाहिला आणि त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहिले. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्यांच्या करामतींत संगणक नव्हता. कॅमेरा थांबवायचा, मोकळ्या जागी पात्र उभे करायचे आणि पुन्हा दांडा फिरवायचा. पडद्यावर देव प्रकटे! काळ्या पडद्यापुढे आकृती टिपली, की काळ्या भागाचा ठसा फिल्मवर उमटत नाही. तीच फिल्म मागे गुंडाळून त्या कोऱ्या जागेत दुसरे दृश्य टिपता येते. ‘कालिया मर्दन’मधील (१९१९) बालकृष्ण म्हणजे फाळक्यांची कन्या मंदाकिनी. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’मधील (१९३६) वैकुंठाला जाणारे विमानही माणसांच्याच हातांनी घडविलेले होते.

याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले. रंगमंचावरचा राम म्हणजे रंग लावलेला नट, हे का त्या प्रेक्षकांना ठाऊक नव्हते? मग त्यांची भक्ती खोटी होती का?

सुट्टीत साताऱ्यास गेलो आणि आजीची क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, “अरे, आपला क्रूससुद्धा सुतारच करतो. म्हणून का मी लाकडापुढे गुडघे टेकते? सिनेमात खरा समुद्र नसतो, एवढे मला कळत होते. तू प्रार्थनेच्या मध्येच बोललास, म्हणून हात सुटले.”

युक्ती कशी केली, हे मी जाणत होतो. ती कोणाकडे बोट दाखविते, हे आजी जाणत होती. आता तशी दृश्ये संगणकावर घडतात आणि माझी नातवंडे त्यांतील खुबी मला समजावून सांगतात. मी ती कौतुकाने ऐकतो. पण प्रभू पाण्यावर पाऊल ठेवतो, तेवढा वेळ घरात कोणी बोलायचे नाही, असा आमच्याकडे नियम आहे.