खोलीत आणखी कोण आहे?

मी व्हर्जिनिया राज्याची नोटरी आहे. भारतात नोटरी म्हणजे बरीच वर्षं वकिली केलेला माणूस. अमेरिकेत तसं नाही. व्हर्जिनियात १८ वर्षं पूर्ण केलेल्या, इंग्रजी लिहिता-वाचता येणाऱ्या आणि कायदेशीर वास्तव्य असलेल्या कुणालाही अर्ज करता येतो. नेमणूक ४ वर्षांची असते आणि शपथ कोर्टाच्या क्लार्कपुढे घ्यावी लागते. ऑनलाइन काम करायचं तर त्यासाठी वेगळा अर्ज. मी वकील नसल्यामुळे कागदात काय लिहावं हे कुणाला सांगू शकत नाही. समोरचा माणूस तोच आहे का आणि तो राजीखुशीने सही करतो आहे का, एवढंच मला बघायचं असतं. लोकांना हे किरकोळ वाटतं. मला ते तसं कधीच वाटलं नाही.

व्हिडिओवरून नोटरी करायला परवानगी देणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य व्हर्जिनियाच. कायदा २०११ मध्ये झाला आणि १ जुलै २०१२ पासून लागू झाला. टेक्सास, नेवाडा, फ्लोरिडा ही राज्यं बरीच मागून आली. २०२०च्या मार्चमध्ये करोनाने दारं बंद केली तेव्हा एकेका राज्याच्या गव्हर्नरांना तातडीचे आदेश काढावे लागले. घराचे व्यवहार अडले होते, रुग्णालयात पडलेल्यांना मृत्युपत्रं करायची होती. कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्याने आपल्या नोटरींसाठी कायदा केला तो थेट २०२३ मध्ये, आणि तो पूर्ण अंमलात आणायला २०३० पर्यंतची मुदत ठेवली. आमच्या कायद्यात सही करणारा कुठेही असला तरी चालतो. मी मात्र त्या वेळी व्हर्जिनियाच्या हद्दीत असलेच पाहिजे. म्हणून ॲशबर्नमधल्या माझ्या टेबलासमोर कधी ओरेगनमधली नर्स येते, तर कधी जर्मनीत तैनात असलेला सैनिक.

ओळख पटवण्याचं काम बरंचसं यंत्र करतं. ओळखपत्राचा फोटो तपासला जातो, मग त्या माणसाच्या जुन्या नोंदींमधून प्रश्न येतात. या रस्त्यावर तुम्ही कधी राहत होतात का, अमुक साली गाडीचं कर्ज कोणाकडून घेतलंत? मी वापरते त्या प्रणालीत दोन मिनिटांत पाचपैकी चार उत्तरं बरोबर यावी लागतात. इथे आपल्याकडचे आईवडील हमखास अडतात. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या माणसाच्या नावावर इथे ना कर्ज असतं ना क्रेडिट कार्ड, मग प्रश्न निघणार कशातून? आयुष्यभर नोकरी करून घर उभं केलेल्या माणसाला पडदा सांगतो की तुमची ओळख पटत नाही. त्यांचा उतरलेला चेहरा बघवत नाही. हा दोष त्यांचा नाही, ओळख म्हणजे कर्जाचा इतिहास असं धरून चालणाऱ्या पद्धतीचा आहे, आणि ती बदलायला हवी असं माझं ठाम मत आहे.

पण यंत्राने होकार दिल्यावरच माझं खरं काम सुरू होतं. एका संध्याकाळी सॅन होजेहून एक मराठी कुटुंब पडद्यावर आलं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) काकू सत्तरी ओलांडलेल्या, पण बरीच वर्षं अमेरिकेत राहिलेल्या, त्यामुळे प्रश्नांची उत्तरं त्यांनी झटपट दिली. कागद होता नाशिकच्या जागेचं मुखत्यारपत्र, पुतण्याच्या नावे. मी नेहमीप्रमाणे विचारलं, खोलीत आणखी कोण आहे? मुलगा शेजारी होता. त्याला बाहेर जायला सांगितलं. तो थोडा नाराज झाला, पण गेला.

मग मी मराठीत विचारलं, "काकू, हा कागद कशासाठी करताय?"

"अगं, भाडेकरू भाडं देत नाहीत वेळेवर. पुतण्या तिथेच असतो, तो वसूल करेल."

"आणि जागा विकायची आहे का?"

"छे गं! विकायची कशाला? यांनी घेतलेली जागा आहे ती."

कागदात मात्र विक्रीचा, गहाण टाकण्याचा आणि विक्रीची रक्कम स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला होता. कायद्याचा सल्ला मी देऊ शकत नव्हते, पण सही करणारी व्यक्ती एक समजते आहे आणि कागद दुसरंच म्हणतो आहे, हे दिसत असताना शिक्का मारणं मला शक्य नव्हतं. मुलाला परत बोलावून मी दोघांनाही सांगितलं की आज हे होणार नाही, कागद वकिलाकडून वाचून घ्या. मुलगा वाईट नव्हता. त्याने कुणाकडून तरी आलेला तयार मसुदा न वाचता पाठवला होता. त्याचा आवाज चढला, मग उतरला. काकू शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं विचारलंस."

कॅमेरा असला तरी नजरेआड बरंच काही राहतं. पूर्वी माणूस समोर बसायचा, बरोबर कोण आलं आहे ते दिसायचं. आता पडद्याच्या चौकटीबाहेर उभं राहून खुणा करणारा मला दिसत नाही. एकदा एका वृद्ध अमेरिकन बाई प्रत्येक उत्तराआधी डावीकडे बघत होत्या. कॅमेरा फिरवायला सांगितला तर भाचा उभा होता. तिथेही मी थांबले. हे सगळं चित्रित होतं आणि कायद्याप्रमाणे किमान ५ वर्षं जपून ठेवावं लागतं. उद्या कुणी कोर्टात गेलं तर सही करतानाचा तो चेहरा आणि ती नजर न्यायाधीशांना बघता येईल. टेबलावरच्या शाईच्या सहीमागे असा पुरावा नसतो, आणि या पद्धतीची मला सर्वांत जास्त किंमत वाटते ती यासाठीच. एका इलेक्ट्रॉनिक नोटरीसाठी राज्याने जास्तीत जास्त २५ डॉलर आकारायची मुभा दिली आहे. नकार दिला तर काहीच मिळत नाही. तरीही नकार हा माझ्या कामाचाच भाग आहे.

काकूंच्या कागदात आणखी एक अडचण होती, आणि ती महाराष्ट्रातल्या अनेकांच्या वाट्याला येते. इलेक्ट्रॉनिक सह्यांना मान्यता देणाऱ्या भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधून मुखत्यारपत्र सर्वसाधारणपणे वगळलेलं आहे. २०२२ मध्ये सवलत मिळाली ती रिझर्व्ह बँकेसारख्या नियामकांच्या अखत्यारीतल्या संस्थांच्या नावे दिलेल्या मुखत्यारपत्रांना, पुतण्याच्या नावे दिलेल्याला नाही. त्यामुळे नाशिकच्या दुय्यम निबंधक कार्यालयासाठी शाईची सही केलेला मूळ कागदच हवा. त्यासाठी जवळच्या नोटरीसमोर प्रत्यक्ष बसून सही करायची आणि राज्याकडून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जाण्यासाठीचं प्रमाणपत्र, घ्यायचं, किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात जायचं. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्कही भरावं लागतं.

परदेशी असलेल्या आईवडिलांची सही हवी असेल, तर कागद जिथे द्यायचा त्या कार्यालयात आधी विचारा. मसुदा त्यांना त्यांच्या भाषेत, ओळ न् ओळ वाचून दाखवा. आणि सहीच्या वेळी नोटरीने तुम्हाला खोलीबाहेर जायला सांगितलं, तर रागावू नका, जा.