थळचे प्रीतिभोजन

सणाची तयारी म्हणजे वस्तूंची यादी, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. कंदील, पताका, फराळ, नवे कपडे, पाहुण्यांसाठी सतरंज्या ही सारी यादीप्रमाणे आली म्हणजे सण आला, आणि यादीत काही उणे राहिले म्हणजे सणासच उणेपणा आला, असे मोठ्या माणसांसही वाटते. मग मुलांची कथा काय? आम्ही गेली वीस वर्षे शाळेत शिकवीत आहोत, आणि तितकेच नाताळ मुलांच्या संगतीत घालविले आहेत. त्यांपैकी ज्या नाताळात यादीतील एकही वस्तू धडपणे हाती आली नाही, त्याच नाताळाने आम्हांस सणाविषयी सर्वांत अधिक शिकविले. तो वृत्तान्त आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

अलिबागच्या उत्तरेस, समुद्राच्या काठी थळ हे गाव आहे. गावासमोर पाण्यात खांदेरी व उंदेरी अशी दोन बेटे दिसतात. इ. स. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधावयास घेतला आणि पुढच्याच वर्षी सिद्दीने उंदेरीवर ठाणे दिले, हे इतिहासाच्या तासास आपण वाचलेच आहे. थळच्या शेजारी नवगाव आहे. फार पूर्वी या किनाऱ्यावर एक गलबत फुटले व त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालला, असे बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. ती माणसे परक्या देशाची, परक्या भाषेची. परंतु या काठाने त्यांस ठाव दिला, आणि पुढे मराठी हीच त्यांची घरची भाषा झाली. हे सांगण्याचे कारण इतकेच की, ज्या गावाची ही कथा आहे, तेथे आलेल्या माणसास आपले म्हणण्याची रीत नवी नाही.

नोकरीधंद्याच्या निमित्ताने थळ व आसपास येऊन राहिलेली थोडी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांपैकी एका घराच्या अंगणात त्यांची उपासना भरते. इ. स. २०२२ च्या नाताळात या मंडळीने असे ठरविले की, २४ डिसेंबर रोजी सायंकाळी शेजारच्या साऱ्या लोकांस प्रीतिभोजनास बोलवावे, आणि मुलांनी ख्रिस्तजन्माचे छोटे नाटक करून दाखवावे. नाटकाची व एकंदर व्यवस्थेची जबाबदारी आमच्याकडे आली. नाटकात ख्रिस्ती मुले होती, तशीच कोळी व आगरी घरांतील मुलेही होती. मेंढपाळांच्या प्रमुखाचे काम आठवीतील एका मुलीकडे होते. तिची आई सुकी मासळी विकते. पहाटे पाटी घेऊन ती बाजारास निघते आणि दिवस कलल्यावर परत येते. शाळेचे समारंभ दिवसा होत असल्याने मुलीस रंगमंचावर उभी असलेली तिने कधीच पाहिली नव्हती. या वेळी समारंभ सायंकाळचा होता, आणि आपल्या आईस ते बोलावणे मुलीने स्वतः नेऊन दिले होते.

शनिवारी सकाळी आठ वाजता पहिली बातमी आली. मुंबईहून केक, मुलांचे पोशाख व खाऊच्या पुड्या घेऊन दोघे तरुण लाँचने मांडव्यास उतरणार होते; परंतु वाऱ्यामुळे लाँच सुटली नाही. दहा वाजता आचाऱ्याचा मुलगा सांगत आला की, वडील तापाने निजून आहेत. अकराच्या सुमारास पेटी उघडली, तो तिचा भाता उंदराने कुरतडलेला! सूर दाबावा तर नुसता उसासा निघे. आणि बाराच्या सुमारास, भरतीबरोबर वारा चढला, तेव्हा अंगणातील मांडव एका अंगावर झुकला व पाहता पाहता तुळशीच्या आळ्यापर्यंत आडवा झाला. कोणास लागले नाही, ही देवाची कृपा.

मंडळीतील वडीलधाऱ्यांनी तेथेच ओट्यावर बसून विचार केला. एकाचे म्हणणे पडले की, समारंभ नवीन वर्षाच्या दिवसापर्यंत पुढे ढकलावा; पाहुण्यांस बोलावून त्यांच्यापुढे रिकाम्या पत्रावळी मांडण्यापेक्षा ते बरे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, बोलावणे साठ माणसांस गेले आहे, ते परत कसे घ्यावयाचे? दोन्ही बाजूंस अर्थ होता. गरीब माणसास लाजेची भीती अधिक असते, आणि लहान मंडळीसही तसेच वाटते. आपण मूठभर, शेजारी पुष्कळ. त्यांच्यासमोर आपली फजिती होऊ नये, असे वाटणे अगदी साहजिक आहे. बोलणे चालले असता ती आठवीतील मुलगी आमच्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, आई आज पाटी लवकर आटपून येणार हाय." तिने आणखी काही मागितले नाही. पण त्यानंतर समारंभ पुढे ढकलण्याची भाषा कोणी काढली नाही.

मांडव पडल्याचे पाहून शेजारचे एक वृद्ध नाखवा कुंपणाशी येऊन उभे होते. त्यांनी मोडलेल्या वाशांकडे पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, मांडव म्हंजे शीडच हाय. वाऱ्याशी भांडाल तर पाडनारच तो. वारा जायाला वाट ठेवा." त्यांनी आपल्या दोन मुलांस हाक मारली. मुलांनी होडीवरचे दोरखंड आणले, वाऱ्याकडील कनात सोडून टाकली, छत खाली उतरविले, आणि खुंट्या तिरप्या ठोकून अशा गाठी मारल्या की, ओढ पडेल तशा त्या अधिक घट्ट होत. तासाभरात मांडव पूर्वीपेक्षा ठेंगणा पण पक्का उभा राहिला.

जेवणाचा प्रश्न बायकांनी सोडविला. डिसेंबर संपता संपता आपल्या रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगा भरू लागतात, आणि शेतोशेती पोपटी लागते. ज्या पालकांस हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मातीच्या मडक्यात तळाशी व कडेने भांबुर्डीचा पाला घालतात. आत वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, आणि ज्यांस चालते ते अंडी किंवा कोंबडी घालतात. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडके उपडे ठेवतात व भोवती पालापाचोळा, पेंढा, काटक्या रचून पेटवितात. पाण्याचा थेंबही आत घालीत नाहीत. शेंगा व पाला यांच्या ओलाव्यावरच सारे शिजते. अर्ध्यापाऊण तासाने तापल्या मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारतात. ते चर्र करून उडाले म्हणजे पोपटी झाली. शेजारणींनी ही गोष्ट सुचविली आणि लगेच कामाची वाटणी केली. एकीने शेंगा, दुसरीने मडकी, तिसरीने तांदळाच्या भाकऱ्या अशी वाटून घेता घेता सात मडक्यांची सोय झाली. शाकाहारी पाहुण्यांसाठी दोन मडकी वेगळी लावली. आमच्या घरांतील करंज्या व शंकरपाळे होतेच. केकची उणीव त्यांनी भरून काढली.

राहिली पेटी. गावातील भजनी मंडळाचे बुवा आमच्या ओळखीचे. आम्ही संकोचाने पेटीची गोष्ट काढली. ते म्हणाले, "पेटी एकटी कशी येईल? तिच्याबरोबर पखवाज येतो, टाळ येतात आणि आम्हीही येतो." आणि ते खरोखरच आले. आमच्या मंडळीतील गीते त्यांस नवी वाटतील अशी आम्हांस शंका होती. परंतु रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी इ. स. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंगाच्या वळणाची पुष्कळ गीते रचून मराठी ख्रिस्ती उपासनेत भजनाची रीत रुजविली, हे विसरून कसे चालेल? पहिल्या कडव्याच्या अर्ध्यावरच पखवाजावर बुवांचा हात पडला, आणि दुसऱ्या कडव्यास सारे टाळ एका ठेक्यात वाजू लागले. चाल त्यांच्या ओळखीची होती.

साडेसहा वाजता नाटक सुरू व्हावयाचे, तो वीज गेली. आदल्याच दिवशी अमावास्या झालेली. अंधार म्हणजे काळाकुट्ट. छताखाली टांगलेला विजेचा मोठा तारा विझला, आणि लहान मुलांत रडारड सुरू झाली. तेव्हा नाखव्यांच्या मुलांनी होडीवरचे दिवे व बॅटऱ्या आणल्या, कोणी कंदील आणले, आणि त्या मंद उजेडात नाटक झाले. पोशाख मुंबईस राहिल्यामुळे मेंढपाळांनी घरची घोंगडी पांघरली होती, मागी लोकांनी आजोबांचे फेटे बांधले होते. पूर्वेच्या ज्ञानी पुरुषांनी ताऱ्याकडे बोट दाखवावयाचे, तेथे दाखवावे कोठे हा प्रश्न पडला. त्यांतील एकाने समुद्राकडे हात केला. इ. स. १८६७ पासून उभे असलेले खांदेरीचे दीपगृह दूर अंधारात डोळे मिचकावीत होते. कोळी मंडळींत हशा पिकला व टाळ्याही पडल्या. कारण त्या दिव्यावर नजर ठेवून घरी येणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

मेंढपाळांच्या प्रमुखाची आई पुढच्या रांगेत बसली होती. पाटी तिने शेजारीच ठेवली होती. मुलीची भाषणे तिला पाठच असावीत; कारण मुलगी बोलत असता तिचेही ओठ हलत होते.

त्या रात्री साठांच्या जागी ऐंशी माणसे जेवली. आम्ही ज्यांस पाहुणे म्हणून बोलाविले होते, तेच वाढावयास उभे राहिले, आणि आम्ही यजमान पंक्तीस बसलो. देणे सोपे असते, कारण देणाऱ्याचा हात वर राहतो. घेणे कठीण. परंतु शेजाऱ्यांकडून जो कधी काही घेत नाही, त्याच्या घरी शेजारी केवळ पाहुणे म्हणून येतात. ज्याच्याकडून घेतले, त्याचा त्या घरात वाटा असतो, आणि तो पुन्हा येतो. सर्व काही यादीप्रमाणे झाले असते, तर आमचे शेजारी चांगले जेवून, आभार मानून घरी गेले असते. आता ते त्या सणास 'आपला नाताळ' म्हणतात.

आणि पहिला नाताळ तरी यादीप्रमाणे कोठे झाला? खानेसुमारीसाठी प्रवास, अवघडलेली स्त्री, उतारशाळेत जागा नाही, बाळासाठी पाळणा नाही म्हणून गव्हाण, सारीच अडचण. पुढेही असेच घडत आले आहे. आज जगभर नाताळच्या रात्री जे शांत गीत गातात, ते ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी प्रथम गाइले गेले. शब्द जोसेफ मोर नावाच्या पाद्र्याचे, आणि चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तराची. उंदरांनी चर्चमधील ऑर्गन कुरतडला म्हणून ते गीत रचले, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. त्या कथेस पुरावा नाही. पण ते प्रथम साध्या गिटारीवर गाइले गेले, एवढे मात्र खरे. आमच्या भात्याच्या बाबतीत उंदीर खराच होता, इतकाच काय तो फरक!

विद्यार्थ्यांनो, तुम्हीही पुढे स्नेहसंमेलने, सहली, लग्नकार्ये यांची व्यवस्था कराल. यादी अवश्य करा. व्यवस्थितपणा हा गुण आहे, आणि तो शाळेत शिकला नाही तर पुढे शिकणे अवघड. परंतु वस्तूंच्या यादीशेजारी माणसांची एक यादी करीत जा : गाठ कोणास मारता येते, चूल कोण पेटवील, पखवाज कोणाच्या घरी आहे, आणि कोणाच्या आईस यावयाचे आहे. पहिल्या यादीतील वस्तू वाऱ्याने, उंदराने, तापाने केव्हा दगा देतील हे सांगता येत नाही. दुसरी यादी मात्र वर्षभर राखावी लागते. एकमेकांच्या अंगणात जाऊन, विचारपूस करून, लहानसहान देवघेव करून. तिची तयारी सणाच्या आदल्या दिवशी होत नाही. ती आजपासून करा.