खंडूला एकटं राहायला शिकवताना

माझी लेक डेन्व्हरला असते आणि तिच्या घरी खंडू नावाचा कुत्रा आहे. खंडोबाजवळ कुत्रा असतो म्हणून नातवाने हे नाव ठेवलं. शेजारपाजारचे त्याला 'कँडू' म्हणतात, आणि तो त्यालाही ओ देतो. प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्याआधी त्याने काय काय सोसलं ते त्यालाच ठाऊक. घरी मात्र तो चार-चार तास एकटा राहतो. सोफ्यावर पाय ताणून झोपतो, बस्स.

आर.व्ही.त मात्र नाही! आर.व्ही. म्हणजे चाकांवरचं घर. ओटा, फ्रीज, पलंग, मोरी, सगळं एका गाडीत. जावयाने एक जुनी घेतली आहे. कॅम्पग्राउंडवर जाऊन वीज-पाणी जोडलं की संसार सुरू. २०२३ सालच्या पहिल्याच सहलीत हे तिघं अर्धा तास बाहेर गेले, तेवढ्यात खंडूने भुंकून सगळा परिसर डोक्यावर घेतला आणि दाराचं रबर चावून ठेवलं. तिथल्या व्यवस्थापकाने बजावलं, पुन्हा तक्रार आली तर जागा सोडावी लागेल. तेव्हापासून पाळीपाळीने एकजण मागे राहायचा. २०२४च्या मार्चमध्ये मी गेले आणि सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटला. "आजी आहे ना!"

आता मला सांगा, सत्तरी ओलांडलेली बाई सांगलीहून डेन्व्हरला येते, तिथून साडेतीनशे मैल गाडीत बसून युटामधल्या मोआबला जाते, आणि जवळच्या आर्चेस नॅशनल पार्कमधल्या दगडी कमानी न बघता कुत्रा राखत बसते? मी स्पष्ट नाही म्हटलं. कुत्र्याला बरोबर न्यावं तर तेही जमत नाही. आर्चेसमध्ये कुत्र्यांना पायवाटांवर बंदी आहे, कडेवर घेतलं तरीही. वाहनतळ, रस्ता अशा मोजक्या ठिकाणीच मुभा, तीही सहा फुटांच्या आतल्या दोरीने. म्हणजे खंडूला शिकवणं आलं.

मी अनेक वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. जून महिन्यात वर्गात जी रडारड चालते ती ज्याने पाहिली आहे त्याला हा प्रश्न नवा नाही. घरी शहाणं असणारं मूल वर्गात का रडतं? कारण घरी आई परत येते हे त्याने शंभरदा पाहिलेलं असतं. वर्गात एकदाही नाही. कुत्र्याचंही तसंच. एका जागी शिकलेलं तो आपोआप दुसऱ्या जागी लावत नाही. शिवाय आर.व्ही.च्या भिंती पातळ, बाहेर कुणी खोकलं तरी आत ऐकू येतं.

म्हणून सहलीआधी तीन आठवडे गाडी दारातच असताना शाळा भरवली. आधी नुसतं खंडूचं जेवण गाडीत. मग त्याची गादी, मुद्दाम न धुता, म्हणजे वास ओळखीचा राहील. मग मी दाराबाहेर जायची, दहा सेकंद, आणि परत. तो कुंईकुंई करायच्या आत परत यायचं, हे महत्त्वाचं. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पुन्हा वीस सेकंद. वेळ नेहमी वाढतच गेली तर त्यालाही कळतं की पुढचा पेपर अवघड आहे. लेकीने आत कॅमेरा लावला होता. मी बाहेर खुर्चीवर फोनमध्ये त्याला बघत बसायची. किल्ल्यांचा आवाज झाला की तो कासावीस व्हायचा. म्हणून दिवसातून दहा वेळा किल्ल्या उचलायच्या, बूट घालायचे आणि चहा प्यायला बसायचं. जावई म्हणाला, आई, शेजारी काय म्हणतील! म्हटलं, म्हणू देत.

रबरी खेळण्यात शेंगदाण्याचं बटर भरून ते गोठवायचं आणि निघताना द्यायचं. चाटण्यात त्याची वीसेक मिनिटं जातात. एक सांगते, डब्यावर घटक वाचून घ्या. काही बटरांत साखरेऐवजी झायलिटॉल घालतात, ते कुत्र्याला विषारी. आणि मी सांगलीची, माझ्या पिशवीत बेदाणे असणारच. तेही त्याला विषारी. ते कुलपात गेले. नातवाने पाढे म्हणतानाचा माझा आवाज रेकॉर्ड करून लावला, तर खंडू मला शोधत पलंगाखाली शिरला. शेवटी साधा पंखा लावला. बाहेरचे आवाज त्यात बुडून जातात.

निघताना कुत्र्याकडे लक्षच देऊ नये, असं बरेचजण सांगतात. मला ते पटलेलं नाही. डोळा चुकवून पळणाऱ्या आईचं मूल जास्त वेळ रडतं, हे मी पाहिलेलं आहे. मिठ्या मारून निरोप नको, पण सांगून जावं. मी दर वेळी एकच म्हणायची, "येते हं." आपल्याकडे 'जाते' म्हणतच नाहीत. आमचे हे २०१९ साली गेले, त्यानंतर घरातून निघताना हे शब्द म्हणायला माणूसच उरला नव्हता. तोंडात ते शब्द पुन्हा आले तेव्हा मला क्षणभर चमत्कारिकच वाटलं. असो.

मोआबला पोचल्यावर पहिले दोन दिवस कुणी कुठे गेलं नाही. नव्या जागी धडा पुन्हा पहिल्यापासून, फक्त भराभर. त्या कॅम्पग्राउंडवर कुत्रा आत ठेवून जायला परवानगी होती. सगळीकडे नसते, आधी विचारावं. खरी धास्ती होती उन्हाची. बंद गाडी दहा मिनिटांत वीसेक अंश फॅरनहाइटने तापू शकते. एसी होता, पण वीज गेली तर? आतलं तापमान फोनवर कळवणारं यंत्र बसवलं होतं, पण त्या कातळांत फोनला रेंज मिळेल याची खात्री नाही. म्हणून सकाळचा गारवा, फार तर दीड तास, आणि शेजारच्या आर.व्ही.तल्या बाईंकडे जादा किल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं पहिल्यांदा एकत्र निघालो. डेलिकेट आर्चच्या खालच्या व्ह्यूपॉइंटवरून ती कमान दूर दिसते, पण वाहनतळापासून शंभर यार्डच चालायचं, माझ्या गुडघ्यांना झेपणारं. तिथे उभी राहून मी काय पाहिलं? फोन. रेंज नव्हती. लेक म्हणाली, "आई, वर बघ ना." पाहिली. तांबूस दगड. सुंदर होतं, पण मनात खंडूच.

परत आलो तर दार शाबूत. शेजारच्या बाई म्हणाल्या, थोडा भुंकला, मग गप्प. चित्रण पाहिलं: चार मिनिटं दाराशी भुंकत होता, मग खेळणं आठवलं, मग गादीवर गोल गिरकी घेऊन झोपला. दुसऱ्या दिवशी विंडोजच्या कमानींखालून मी सावकाश, काठी टेकत, फोन पर्समध्ये ठेवून फिरले.

विजा कडाडायला लागल्या की मात्र तो अजूनही एकटा राहत नाही. तसा दिवस आला की एकाने मागे थांबायचं असं ठरलं आहे. एका दुपारी आभाळ भरून आलं तेव्हा मीच थांबले. तो माझ्या पायांवर डोकं ठेवून थरथरत होता आणि मी भाजी निवडत होते.