गोठ्याची जाळी

माउली, भूतदया हा शब्द आपण रोज उच्चारतो. सावेडीतल्या आमच्या हरिपाठाच्या बैठकीत मीही तो कितीदा उच्चारला असेन. त्याचे वजन मात्र मला गेल्या माघात कळले.

माझी धाकटी बहीण राहुरी तालुक्यात मळ्यात राहते. घराला लागून ऊस. दिवाळीनंतर एका रात्री बिबट्याने तिची गाभण शेळी ओढून नेली. मी भेटायला गेलो आणि सवयीने बोलून गेलो, "अगं, त्याच्यातही पांडुरंगच आहे." ती म्हणाली, "दादा, तुझ्या घराला लोखंडी दार आहे. माझी नातवंडं पडवीत निजतात." मला उत्तर सुचले नाही.

पुढे मुलांनी बिबटे पाहण्याचा हट्ट धरला. जुन्नरजवळ माणिकडोहला वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून जखमी, पकडलेल्या बिबट्यांना सांभाळतात. आगाऊ परवानगी काढली आणि बहिणीलाही बळेच गाडीत बसवले.

भाळवणी, टाकळी ढोकेश्वर मागे टाकून आळ्याला थांबलो. ज्ञानोबारायांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, त्या रेड्याची समाधी इथे आहे. मुक्या जनावराच्या समाधीवर माथा टेकणारी आपली परंपरा, असे मी मुलांना सांगत होतो. बहीण हळूच म्हणाली, "रेडा गवत खातो, दादा." मी पुन्हा गप्प.

माणिकडोहचे ते ठिकाण म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. आवाज न करता, लांबूनच पाहायचे. एक बिबट्या तीन पायांवर लंगडत सावलीला गेला. फाशात अडकून असे पाय जातात, असे तिथल्या माणसाने सांगितले. उघड्या विहिरीत पडलेल्यांना पिंजरा सोडून वर काढावे लागते. मादी उसातच विते. तोड सुरू झाली की पिल्ले उघड्यावर येतात. ती त्याच रानात खोक्यात ठेवून माणसे दूर होतात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते.

बहिणीने विचारले, "आई येईपर्यंत ओरडतात का हो ती?" तिनेही लेकरे बांधावरच्या झोळीत टाकून खुरपणी केली होती.

परतताना ती म्हणाली, "राग गेला नाही माझा. पण मारून टाका असं नाही म्हणणार. रात्रीची भीती तेवढी कमी कर."

माउली, आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी सांगून झाल्यावर माउलींनी सर्व जिवांसाठी मैत्र मागितले. देवाकडे मागून झाले की काम आपल्या हातांवर येते. आषाढीला अन्नदानासाठी बाजूला ठेवलेले पैसे मी काढले. गोठ्याला चहूबाजूंनी आणि वरून जाळी बसवली, पडवीला दार लावले, अंगणात दिवा लावला, विहिरीला कठडा बांधला. विठोबा रागावला नसेल, असे वाटते.

बिबट्या अजूनही उसात आहे. मध्यंतरी चिखलात पावले दिसली. शेळ्या सुखरूप होत्या. फोनवर बहीण म्हणाली, "आला होता तुझा पांडुरंग. पाहून गेला."

तुमचेही कुणी मळ्यात राहत असेल, तर उपदेश करण्याआधी त्याच्या गोठ्याचे दार एकदा पाहून या. रामकृष्ण हरी.