गाडी आवंढा गिळते तेव्हा...

सेकंडमधून थर्ड. काटा सहा हजारांवर, डावा पाय क्लचवर, हात खटकन पुढे... आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर काहीच नाही! अर्धा सेकंद गाडी नुसती आवंढा गिळते. मग एकदम उसळते.

तुम्ही म्हणाल, अर्ध्या सेकंदाचं काय एवढं? अहो, सात वर्षांच्या नोकरीची बचत ओतून घेतलेली सेकंडहॅण्ड, टू-डोअर स्पोर्ट्स कार आहे ही. तीही मॅन्युअल गियरची. पुण्याच्या ट्रॅफिकला ऑटोमॅटिक बरी, असं सांगणाऱ्या प्रत्येकाशी मी भांडलो होतो. हळू चालवली तर अगदी शहाणी. गियर जोरात टाकला की नखरे सुरू. सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा लॅपटॉप जोडून झाला. उत्तर एकच, "सर, एरर कोडच नाही."

डिसेंबरात तिला घेऊन शहाद्याला घरी गेलो. (आई गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "मागे बसायचं कुठे?") आप्पांनी आयुष्यभर एसटी चालवली, तीही सातपुड्याच्या घाटांत. त्यांना शेजारी बसवून तोरणमाळला निघालो. इम्प्रेस करायचं होतं, दुसरं काय!

म्हसावदच्या अलीकडे पुढे उसाची ट्रॉली लागली. समोरून जीप येत होती, पण लांब होती. सेकंड, थर्ड, आणि तो अर्धा सेकंद... जीप आता लांब नव्हती. करकचून ब्रेक मारला आणि पुन्हा ट्रॉलीच्या मागे घुसलो. आप्पांचे दोन्ही हात डॅशबोर्डवर.

"काय जायं रे भाऊ?"

मी सेन्सर, ईसीएम वगैरे बडबडू लागलो. ते एवढंच म्हणाले, "परत फिरव."

शहाद्यातल्या त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं. "ब्रेक दाबून ठेवा, फर्स्ट टाका, क्लच जरासा सोडा." अख्खं इंजिन एका अंगाला कललं आणि एअर फिल्टरकडून येणाऱ्या रबरी होसच्या घडीत बोटभर चीर उघडली. क्लच दाबला, चीर गायब!

इंजिनात जाणारी हवा एक सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. चीर होती सेन्सरच्या पुढे. तिथून घुसलेल्या हवेचा हिशेबच नाही, म्हणून पेट्रोल कमी पडायचं. आणि इंजिनाचं फाउंडेशन रबर फाटलेलं, त्यामुळे मी गियर हाणला की इंजिन हिसका खायचं, चीर उघडायची. उभ्या गाडीत लॅपटॉपला कपाळ दिसणार!

मिस्त्रीने तात्पुरता होसवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळून बांधला. "रबर पुण्याहून मागवा. तोवर दांडगाई नको."

"गियर टाकायचा असतो," आप्पा म्हणाले. "तू मारतोस."

दुसऱ्या दिवशी चावी त्यांनीच मागितली. रिटायर झाल्यापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. खरं सांगतो, द्यायला जिवावर आलं. राणीपूर मागे पडलं, सात पायरीचा घाट सुरू झाला. प्रत्येक वळणाच्या आधीच गियर उतरलेला, तोही डबल क्लच करून. जुन्या एसटीची सवय, या गाडीला तिची गरजही नाही. साडेतीन हजार फुटांहून उंच, यशवंत तलावापाशी पोचेपर्यंत गाडीने एकदाही आवंढा गिळला नाही.

आप्पांनी इंजिन बंद केलं. खिशातला चष्मा काढून गियरच्या मुठीवरचे आकडे नीट वाचले आणि विचारलं, "हा सहावा कधी टाकतात रे?"