ट्रायथलॉन : आपल्याला झेपेल ते अंतर कोणते?

धावणे, पोहणे आणि सायकल चालविणे ही कामे कष्टकऱ्यांच्या घरांना नवी नाहीत. आम्ही एका कारखान्यातले चौघे मित्र रोज सायकलीनेच कामावर जातो. पोहायला शिकलो ते गावच्या विहिरीत. त्यामुळे आधी पोहणे, मग सायकल आणि शेवटी धावणे अशी सलग चालणारी शर्यत म्हणजे ट्रायथलॉन, हे कळले तेव्हा आम्हाला ती परकी वाटली नाही. प्रश्न होता तो अंतराचा.

आमच्यातील एकाने एकदम गोव्याची शर्यत करायचे मनावर घेतले. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली ‘आयर्नमॅन ७०.३’ नावाची शर्यत पहिल्यांदा झाली, तीच. प्रवेश फी, नवी सायकल आणि प्रवास यांसाठी तो पतपेढीचे कर्ज काढायला निघाला. त्याची मुलगी त्या वर्षी बारावीला. वहिनींनी आम्हाला थांबवून एवढेच विचारले, “भाऊजी, ही शर्यत आहे तरी केवढी?”

त्यांना नीट उत्तर देता यावे म्हणून आम्ही वही घेऊन बसलो. ती माहिती आपल्याही उपयोगी पडेल.

ट्रायथलॉन ही एकच शर्यत नव्हे. तिचे मुख्य प्रकार चार. पहिला स्प्रिंट : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. दुसरा ऑलिम्पिक : १.५, ४० आणि १० किलोमीटर. २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला तो याच अंतराने. तिसरा प्रकार अर्ध्या अंतराचा : १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. गोव्याची शर्यत ती हीच. ७०.३ हा आकडा मैलांचा आहे. किलोमीटरमध्ये ते ११३ होतात. चौथा पूर्ण अंतराचा : ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर. याहून लहान, मुलांना व अगदी नवख्यांना झेपतील अशाही शर्यती असतात.

नाव गाजले ते चौथ्या प्रकाराचे. १९७८ साली अमेरिकेतील हवाई बेटांवर जॉन आणि ज्यूडी कॉलिन्स या दांपत्याच्या कल्पनेतून ती शर्यत झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. तेव्हापासून ट्रायथलॉन म्हणजे आयर्नमॅन असा पुष्कळांचा समज झाला आहे. आमच्या मित्राचाही तोच होता.

आता हे आकडे आपल्या मापाने मोजू. २५ मीटरच्या तलावात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३० वेळा गेले म्हणजे ७५० मीटर होतात. गोव्याच्या अंतराला ७६ वेळा जावे लागेल, आणि तेही समुद्रात, जिथे धरायला भिंत नाही. सायकल ताशी २० किलोमीटरने चालविली तर स्प्रिंटला एक तास लागतो, गोव्याला साडेचार. त्यानंतर धावणे आहेच. कपडे, बूट बदलतानाही घड्याळ थांबत नाही. शिवाय वेळेची मर्यादा असते. ७०.३ ला ती साधारण साडेआठ तासांची. ती ओलांडली की शर्यतीतून बाहेर.

आम्ही चौघे महापालिकेच्या तलावावर गेलो. आमचा मित्र विहिरीत सूर मारण्यात पटाईत, पण दहाव्या फेरीला त्याचा दम संपला. विहिरीत डुंबणे वेगळे आणि सलग अंतर कापणे वेगळे. या खेळात जे मृत्यू झाले आहेत, त्यांतील बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात झाले आहेत. म्हणून अंतर निवडताना आधी पाण्याचा विचार करावा. डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि एकट्याने उघड्या पाण्यात सराव करू नये.

त्याने कर्जाचा अर्ज मागे घेतला. आज आम्ही चौघेही स्प्रिंटची तयारी करीत आहोत. आठवड्यातून दोन दिवस तलाव, दोन दिवस पहाटे धावणे. सायकल तर रोजचीच. अनेक स्थानिक शर्यतींत ब्रेक चांगले असलेली साधी सायकल आणि डोक्याला हेल्मेट एवढे पुरते. मात्र नियम आधी विचारून घ्यावेत.

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या मुलामुलींना या खेळाची ओढ लागली तर त्यांना अडवू नका. फक्त अंतर कोणते, ते विचारा. स्प्रिंटमध्येही तिन्ही टप्पे असतात आणि ती पूर्ण करणाराही ट्रायथलॉन पूर्ण केलेलाच असतो. पुढचे अंतर कुठे पळून जात नाही. शरीर तयार झाले, गाठीला चार पैसे जमले, की तेही करता येईल. घर गहाण टाकून शर्यत जिंकण्यापेक्षा, घर मागे खंबीर उभे असताना पाच किलोमीटर धावणे आम्हाला मोठे वाटते.